तीन बाटल्या आणि एक बरणी

धार, ७ मे १९९८

चि. अवंतीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहावे लागले, कारण तुझे बाबा काल येथे येऊन गेले. चहा संपेपर्यंत अंबरीशने उन्हाळ्याखेरीज दुसरा विषय काढला नाही, आणि चपला घालता घालता म्हणाला, "ताई, अवंती पीएच.डी. सोडतेय. एक जुलैपासून देवासच्या शाळेत शिकवणार." लहानपणापासून त्याची ही सवय आहे. महत्त्वाचे सगळे तो उंबऱ्यात बोलतो.

शाळेत शिकवणे वाईट नाही. मी एकतीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले. पण मला शिकवायचे होते म्हणून शिकवले. तू पळून चालली आहेस असा मला संशय आहे. आहे की नाही, ते कळव.

तीन वर्षे देवास-इंदूर अप-डाउन करून तू प्रयोगशाळेत नेमके काय करत होतीस आणि आता काय अडले, तेही लिही. मोठे शब्द नकोत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला समजेल असे लिही, आणि मराठीत लिही. फोनवर "हां आत्या, ठीक आत्या" म्हणून सुटतेस, म्हणून फोन करत नाही.

प्रमोदिनी

*

देवास, १२ मे १९९८

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचायला मला पाऊण तास लागला. माझी मराठी बोलायची आहे, लिहायची नाही. हसू नकोस.

खूप खारट पाण्यात एक जिवाणू राहतो. त्याच्या पडद्यात एक जांभळं प्रोटीन असतं. त्याच्यावर उजेड पडला की ते हायड्रोजनचे आयन एकीकडून दुसरीकडे ढकलतं. एकदम छोटासा पंप. प्रॉब्लेम हा की ते नुसत्या पाण्यात राहत नाही, त्याला तेलकट पडदा लागतो, फक्त दोन रेणू जाडीचा. बाहेर काढायचं तर डिटर्जंट टाकावा लागतो. डिटर्जंटचे रेणू त्याच्या कमरेला पट्ट्यासारखे चिकटतात आणि मग ते पाण्यात तरंगतं. पण तिथे ते सुखी नसतं. काही दिवसांत जांभळ्याचं पिवळं होतं. लॅबवाले चिडवतात, "अवंती, तेरे बैंगन का तो भुर्ता हो गया!"

आणि जांभळं राहिलं तरी काम करतंय की नाही ते कळत नाही, कारण डिटर्जंटमध्ये आत आणि बाहेर असं काही नसतंच. पंप आहे, टाकी नाही. म्हणून त्याला परत लिपिडच्या बारीक पिशव्यांमध्ये बसवायचं. मग दिवा लावला की आयन पिशवीत जातात, बाहेरच्या पाण्याचा पीएच चढतो आणि मीटरची सुई हलते. सुई हलली की मी पास.

हे लिपिड परदेशातून येतं. आमचं पार्सल फेब्रुवारीपासून कुठल्या तरी गोदामात अडकलंय. एवढ्या गर्मीत ते आलं तरी बेकार. दहा जुलैला कमिटी आहे. तोपर्यंत सुई हलवून दाखवली नाही तर फेलोशिप बंद. शाळेवाले विचारत होते, मी हो म्हणून टाकलं. पळत नाहीये आत्या. गाडी सुटायच्या आधी उतरतेय.

अवंती

*

धार, १६ मे १९९८

चि. अवंतीस आशीर्वाद.

जी गाडी आपल्याला न्यायला आली आहे तिच्यातून उतरणाऱ्याला लोक पळालाच म्हणतात. बाकी पत्र चांगले होते. "पंप आहे, टाकी नाही" असे वाक्य एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीने लिहिले नाही.

मी जुने पुस्तक काढून बसले. समजले ते लिहिते, चुकले तर सांग. डिटर्जंटच्या रेणूचे डोके मोठे आणि शेपूट एकच, म्हणजे तो मोसंबीच्या फोडीसारखा एका बाजूला निमुळता. फोडी जवळ आल्या की गोळाच होणार. शेपट्या आत, डोकी पाण्याकडे. लिपिडला शेपट्या दोन, त्यामुळे त्याचे धड डोक्याइतकेच रुंद. ती वीट. विटांची भिंत होते. पण भिंतीची कड उघडी राहिली तर तेथल्या शेपट्या पाण्यात पडतात, त्यांना ते सहन होत नाही, म्हणून भिंत वाकून स्वतःला मिटवून घेते. तीच तुझी पिशवी.

आता मला प्रश्न पडला की फोडी आणि विटा बेताच्या प्रमाणात एकत्र ठेवल्या तर काय होईल? माझ्या मते चकती. मधे विटा सपाट बसतील आणि उघड्या कडेला फोडी येऊन बसतील. असे कोणी पाहिले आहे का?

असो. मुद्दा वेगळा आहे. तुझे बाबा ज्या कारखान्यात तेल तपासतात, तेथे सोयाबीनच्या तेलातून एक चिकट गाळ निघतो. त्याला लेसिथिन म्हणतात. त्यात बहुतेक तुझे लिपिडच असते, सोबत पुष्कळ तेल. तेल ॲसिटोनमध्ये विरघळते, लिपिड विरघळत नाही. म्हणजे धुऊन काढायचे, एवढेच. आजूबाजूच्या निम्म्या शेतांत सोयाबीन असताना माळव्यातली मुलगी परदेशी पार्सलाची वाट बघत बसते, याला काय म्हणावे!

डबा पाठव. मी धुऊन देते. माझी लोणची घालून झाली आहेत, हात रिकामे आहेत.

प्रमोदिनी

*

देवास, २१ मे १९९८

ती. आत्यास सा. न.

आत्या! तुझी चकती खरंच असते! तिला बायसेल म्हणतात, लोकांनी तिच्यावर पेपर लिहिलेत. तुझं पत्र मी माझ्या गाइड सरांना हिंदी करून सांगितलं. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. "ये मैडम कौन हैं? इनको कहाँ छुपाके रखा था?" मी म्हटलं, सर, धारमध्ये. सर म्हणाले, सोयाबीनच्या लिपिडमध्ये हे प्रोटीन पंचवीस वर्षांपूर्वीच चालवून दाखवलंय, करा. पण मुदत तीच, दहा जुलै.

डबा धारच्या बसच्या कंडक्टरकडे दिलाय. त्याला वाटलं काकवी आहे. मी म्हटलं, भिया, चाटना मत. तरी त्याने बोट लावून पाहिलंच. मग खिडकीतून बराच वेळ थुंकत होता.

ॲसिटोन आहे ना तुझ्याकडे? आणि प्लीज, गॅसजवळ नको.

अवंती

*

धार, ३० मे १९९८

चि. अवंतीस आशीर्वाद.

ॲसिटोनजवळ विस्तव नको, हे मला सांगणारी तू पहिली. वाचून करमणूक झाली.

सोबत तीन बाटल्या आणि एक बरणी पाठवत आहे. ॲसिटोन आणि काचेची भांडी कॉलेजातून आणली. सगळे काम गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, सकाळी केले. सात वेळा धुतले. पहिल्या वेळी ॲसिटोन मोहरीच्या तेलासारखा पिवळा झाला, सातव्या वेळी स्वच्छ राहिला. खाली उरले ते भाजलेल्या रव्यासारखे फिकट दाणे. काकवीचा रवा झाला, हे पाहायला शेजारच्या दोन बायकाही येऊन गेल्या.

कॉलेजच्या बाटल्या अस्वच्छ होत्या. माझ्याकडे बावीस वर्षे काम करणारी रुक्मिणी घासायला पुढे आली, पण मी तिला हात लावू दिला नाही. प्रयोगाची भांडी आहेत. मी स्वतः पावडर घेऊन ब्रशने आतून-बाहेरून घासल्या. चौथी बाटली कमी पडली, तेव्हा थोडे दाणे रुक्मिणीने तिच्या घरून आणलेल्या लोणच्याच्या बरणीत भरावे लागले. बरणीवर भरवसा नको. ती अगदी शेवटी वापर.

ओल्या फडक्यात गुंडाळले आहे. पोचताच फ्रिजमध्ये ठेव, आणि काय झाले ते लगेच कळव.

प्रमोदिनी

*

देवास, ८ जून १९९८

ती. आत्यास सा. न.

बाटल्या मिळाल्या. सगळं ठीक आहे. खूप मदत झाली. तुझी तब्येत कशी आहे? इकडे आंबे चांगले आलेत. आई आठवण काढते.

चिऊ

*

धार, १२ जून १९९८

चि. अवंतीस,

"सगळं ठीक आहे" हे निरीक्षण नव्हे. माझ्या वर्गात हे लिहिणाऱ्या मुलीची वही मी परत करत असे. आंब्यांविषयी मी विचारले नव्हते.

शिवाय तू चिऊ म्हणून सही केली आहेस. सातवीत गणितात नापास झालीस तेव्हा, आणि अंबरीशची स्कूटर नाल्यात घातलीस तेव्हाही पत्राखाली चिऊच होती.

सुई हलली की नाही? हलली नसेल तर आपले हात तपास. डिटर्जंट झिरपून जावा म्हणून बाहेरचे पाणी बदलत राहावे लागते असे पुस्तकात आहे, ते वेळेवर बदललेस का? मोजमाप नीट केलेस का? घाईत कोठे चुकलीस का? माझे लिपिड शुद्ध आहे. सात वेळा धुतले आहे.

प्रमोदिनी

*

देवास, १६ जून १९९८

ती. आत्यास सा. न.

नाही हलली.

प्रोटीन, लिपिड आणि पित्तातला एक क्षार मी एकत्र करते. तो क्षार हाच आमचा डिटर्जंट. हे मिश्रण सेलोफेनच्या नळीत भरून पाण्यात टांगते. क्षाराचे रेणू एकेक करून नळीबाहेर झिरपतात, लिपिड आत राहतं आणि त्याच्या पिशव्या बनतात, प्रोटीनसकट. मी नऊ वेळा पाणी बदललं आत्या. रविवारीसुद्धा बसने गेले, नुसतं पाणी बदलायला. माझे हात मी तपासले.

रंग मस्त जांभळा आहे. पण दिवा लावला की सुई ढिम्म. पहिली बाटली, ढिम्म. दुसरी, ढिम्म. तिसरी, ढिम्म. म्हणजे पिशव्या पाझरतायत. आता टाकी आहे, पण फुटकी आहे. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. तू गच्चीवर उन्हात बसून केलंस ते सगळं.

गेल्या आठवड्यात ती बरणी उघडली, म्हटलं हीपण संपवून टाकू, आणि तिच्यातल्या पिशव्या परवा तयार झाल्या. सुई हलली. थोडीशीच, पण हलली. दिवा विझवला, परत आली. मी दोनदा पाहिलं आणि बरणीतलं संपलं. आता मी ते कोणाला सांगू? तीन बाटल्या म्हणतात नाही, लोणच्याची एक बरणी म्हणते हो. कमिटी हसेल. पंधरा दिवसांनी शाळा आहे. साड्यांना फॉल लावायला दिलेत.

चिऊ

*

धार, २० जून १९९८

चि. अवंतीस,

पत्र वाचून मी आधी रुक्मिणीला बोलावले. विचारले, "त्या बरणीला तू काय लावले होतेस?"

ती भडकलीच. "काईं लगायो? राखोड़ी से मांजी, ने हापसा के नीचे धोई! चोरी करी कईं म्हने?"

"साबण?"

"साबण म्हारे नी चले, बईजी. हाथ से छूटे ज नी."

"आणि बाटल्या?"

"बाटली के तो तमने म्हारे हाथ नी लगाने दियो!" हे तिने शेजारच्यांनाही ऐकू जाईल असे सांगितले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाटल्यांसोबत त्याच दिवशी मी त्याच हाताने घासलेला कॉलेजचा एक फ्लास्क कपाटात होता. त्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ओतले आणि हलवला. फेस आला. घड्याळ घेऊन समोर बसले. अकरा मिनिटे झाली तरी फेस बसला नव्हता.

कारण सांगते. मे महिन्यात आमच्याकडे नळ तीन दिवसांनी येत होता. अशा दिवसांत या घरात माझा नियम असतो: खळबळायला पाणी एकच बादली. आधी पेले, मग ताटे, शेवटी कढया, आणि तेच पाणी जास्वंदीला. नियम स्वयंपाकघराच्या फळीवर खडूने लिहिलेला आहे आणि तो मोडल्याबद्दल मी रुक्मिणीला कितीदा बोलले आहे. बाटल्या मी त्याच नियमाने खळबळल्या. शेवटी बॅटरीचे पाणी वापरले खरे, पण तेही एका पातेल्यात ओतून त्यातच तिन्ही बुडवल्या. पहिल्या बाटलीचा साबण दुसरीला लागला, दोघींचा तिसरीला. सात वेळा धुतलेले लिपिड मी स्वतः साबणाच्या बाटलीत भरले.

म्हणजे मोसंबीच्या फोडी विटांच्या भिंतीत जाऊन बसल्या. फोड विटेच्या जागी बसवली की फट राहणारच. तुझा पित्ताचा क्षार सुटून नळीबाहेर जातो. कपडे धुण्याच्या पावडरीतला डिटर्जंट तसा गेलेला दिसत नाही. तुझे प्रोटीन ठीक आहे, तुझे हात ठीक आहेत. बरणी खरे बोलत होती. रुक्मिणी हापशावर वाहत्या पाण्यात धुते, कारण तिच्या घरी माझे नियम नाहीत.

"आपले हात तपास" हे मी लिहिले होते. ते वाक्य खोडून टाक. रुक्मिणीचीही माफी मागितली. तिने ती मान्य केली, पण दोन दिवस चहात साखर नव्हती.

अर्धा डबा शिल्लक आहे. पुन्हा धुते. नळ आता रोज येतो. बाटल्यांना साबणाचा स्पर्श होणार नाही, आधी ॲसिटोन आणि मग वाहते पाणी, आणि प्रत्येक बाटलीचा फेस पाहून मगच भरणार. बसच्या भरवशावर पाठवणार नाही, स्वतः घेऊन येते. तू शाळेला नाही म्हणून कळव. तेवढा धीर नसेल तर पंधरा दिवस मागून घे.

प्रमोदिनी

*

देवास, २५ जून १९९८

ती. आत्यास सा. न.

शाळेत फोन केला. पंधरा दिवस मागितले. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "बेटा, ये स्कूल है, बस स्टैंड नहीं, कि गाड़ी का इंतज़ार कर रहे हैं." मग मी नाहीच सांगून टाकलं. ती जागा आता दुसऱ्या कोणाला देणार आहेत. म्हणजे सुई हलली नाही तर माझ्याकडे ना शाळा, ना फेलोशिप. फक्त फॉल लावलेल्या सहा साड्या.

बाबा ड्यूटीवर निघताना, स्कूटरला किक मारून झाल्यावर म्हणाले, "ठीक केलंस." स्कूटरच्या आवाजात मला नीट ऐकूपण आलं नाही.

तुझं ते वाक्य मी खोडणार नाही. पत्राचा तेवढा तुकडा कापून लॅबच्या फ्रिजवर लावलाय. खाली हिंदीत अर्थ लिहिलाय. लॅबवाले आता मला सोडून एकमेकांना म्हणतात, "पहले अपने हाथ देख." आणि सिंकवर मी पाटी लावली आहे: साबुन मना है.

एक तारखेपर्यंत ये. नळी टांगून, पाणी बदलून पिशव्या व्हायला चार-पाच दिवस जातात. आणि आत्या, फेस नक्की बघ.

अवंती

*

धार, १२ जुलै १९९८

चि. अवंतीस आशीर्वाद.

परवाचा दिवस तू पाहिलास तो मीटरसमोर उभी राहून. मी पाहिला तो मागच्या स्टुलावरून, म्हणून माझ्या बाजूचे लिहून ठेवते.

कमिटीत तिघे होते. त्यांपैकी जाड चष्म्याच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारले, "आपका परिचय?" मी म्हटले, "सप्लायर." त्यांनी ते वहीत लिहून घेतले. तुझे सर खोकल्याचा बहाणा करून बाहेर गेले.

दिवा लावण्यापूर्वी तू एकदा माझ्याकडे पाहिलेस. मी मान हलवली, ती धीर देण्यासाठी नव्हती. एकतीस वर्षांत इतक्या परीक्षा घेतल्या, पण निकालाची अशी भीती कधी वाटली नव्हती. मग तू बटण दाबलेस आणि सुई हलली. कमिटीतल्या बाईंनी विचारले, "उजेडाची नुसती उष्णता लागून सुई हलत नसेल कशावरून?" प्रश्न उत्तम होता. तू घाबरली नाहीस. पिशव्यांत थोडा डिटर्जंट टाकलास, पुन्हा दिवा लावलास, आणि सुई हलेनाशी झाली. म्हणालीस, "मॅडम, दिवा तोच, उष्णता तीच. फक्त आता टाकीला भोकं आहेत." माझ्या तीन बाटल्यांनी तुला एवढे शिकवले असेल तर त्या अगदीच वाया गेल्या नाहीत. त्यानंतर तू नव्या पिशव्या घेऊन मोजमाप सुरू केलेस, ते यंत्रातल्या कागदावर उतरले आहे.

फेलोशिप एक वर्षाने वाढली, हे तू मला जिन्यात सांगितलेस. माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडलीस, त्याविषयी मी कोणाला बोललेले नाही. साड्या ठेव. पुढे शिकवशील तेव्हा लागतील.

निघताना गडबड झाली, म्हणून देवाणघेवाणीची नोंद येथे करते. तुझ्याकडच्या वहीशी ताडून पाहा.

दि. १० जुलै १९९८, इंदूर.

अवंतीस दिले: धुतलेले लेसिथिन, दोन बाटल्या, १ जुलैला आणलेल्यांखेरीज. फेस तपासला, नाही. कच्च्या लेसिथिनचा डबा एक, पाव भरलेला. धुण्याची कृती, चार पाने, माझ्या अक्षरात, हिंदीत.

अवंतीकडून मिळाले: आलेखाचा कागद एक, हातभर लांब. दिवा लावल्यावर चढ, विझवल्यावर उतार, असे पाच. सहावा चढ अर्ध्यावर थांबला आहे. वीज गेली.

प्रमोदिनी